कोणी काही बोलणार नाही

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत मी आणि शोधकाका शेजारी बसायचो. माझ्याकडे वधू-वर, त्यांच्याकडे बेपत्ता. मी लोकांना संसारात ढकलायचो आणि त्यातून जे निसटायचे त्यांना ते परत बोलवायचे. तेवीस वर्षं आमचं हे चाललं. शोधकाका हे नाव त्यांना ऑफिसनेच दिलेलं.

रडत आलेल्या माणसाला लिहायला सुचत नाही, म्हणून त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता. रंग गव्हाळ, बांधा मध्यम, आईची तब्येत बरी नाही, घरी परत ये, तुला कोणी काही बोलणार नाही. आई ठणठणीत असली तरी ओळ तीच. नाव मात्र ते घालू देत नसत. घरची अब्रू चव्हाट्यावर कशाला, ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या वाक्यावर मात्र ते स्वतःच हसायचे. कोणी काही बोलणार नाही, ही शुद्ध थाप आहे आणि पळालेल्यालाही ते ठाऊक असतं, असं म्हणायचे आणि तेच वाक्य पुन्हा छापायला पाठवायचे.

एका मंगळवारी दुपारी ते चहाला म्हणून उठले आणि परत आले नाहीत. टेबलावर डबा होता, तोही धुतलेला. पोलिसांनी वर्णन मागितलं. आम्ही त्यांचाच मजकूर दिला. दोन महिन्यांत गव्हाळ रंगाची, मध्यम बांध्याची अकरा माणसं ओळख पटवायला आम्हाला दाखवली गेली. त्यात शोधकाका नव्हते. कोणी म्हणालं बाईची भानगड, कोणी म्हणालं वैराग्य. मी तेवीस वर्षं हाताच्या अंतरावर बसलो आणि मला ओ की ठो माहीत नाही, याचा मला अजून राग येतो.

शोधकाकांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मात्र कारण पक्कं माहीत होतं. त्या सकाळी नळ उघडा राहिला म्हणून त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, जा एकदाचे कुठं जायचंय तिकडे. हे त्या सव्वीस वर्षं जवळजवळ रोज म्हणत. त्यांच्या तोंडाचा पट्टा ऑफिसच्या फोनमधून मलाही ऐकू यायचा. शोधकाका रिसीव्हर टेबलावर ठेवून जाहिराती तपासत आणि मधूनमधून उचलून 'हो' म्हणत. असा माणूस एक दिवस इतका आज्ञाधारक निघेल, हे त्या बाईने कसं ओळखावं?

त्या खिडकीवर आल्या, तेव्हा सवयीने मी तयार मजकूर पुढे केला. त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"भाऊजी, हे ह्यांनीच लिहिलंय. शिवाय मला ओळखतात. यावर कसे येतील?"

मग स्वतःच लिहिलं: घरी या. मी बोलणार आहे. पुष्कळ बोलणार आहे. पण तुम्ही या.

नाव घातलं नाही, नवऱ्याचाच नियम. पत्ताही नको म्हणाल्या, तो ह्यांना पाठ आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जाहिरात येऊ लागली.

वर्षभरात तीन नवरे घरी परतले. तिन्ही दुसऱ्यांचे. त्यातला एक सहा वर्षं गायब असलेला शिंपी. तो पेपर हातात घेऊनच दारात उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, हे तुझ्याशिवाय कोण लिहिणार? त्याची बायको आमचे आभार मानायला आली, तेव्हा वहिनी पुढची जाहिरात द्यायला तिथेच आल्या होत्या.

"आल्यावर तुम्ही काय बोललात?" वहिनींनी तिला विचारलं.

"काहीच नाही हो. एवढं साठवलेलं, पण समोर बघितलं आणि जेवायला वाढलं."

वहिनींनी मान हलवली आणि आपला कागद माझ्याकडे सरकवला.

आता पाचवं वर्ष चालू आहे. मागच्या महिन्यात मी विचारलं, मजकुरात काही बदल करायचा का? त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काय बोलायचं होतं ते हल्ली मला आठवत नाही, भाऊजी. पण शब्द तेच ठेवा. नाहीतर ह्यांना वाटेल, दुसऱ्याच कुणाची जाहिरात आहे."

म्हणजे आता ही जाहिरातही शोधकाकांच्या जाहिरातीसारखीच खोटी झाली. मी ती तशीच छापायला पाठवली.