डाव्या हाताचा क्लच

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात जुने टायर साठतात तसे ते आपोआप साठत जातात, आणि एक उचलायला जावं तर खालून दुसरा निघतो! आमचं नेमकं तसंच झालंय.

अंबरपेठला खलीलभाईंचं गॅरेज आहे. तिथे कुठल्याशा जुन्या गाडीची मागची सीट काढून भिंतीला लावलीय, तोच आमचा सोफा. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र तिथे चहाला जमतो. एक मी, कॉलेजातून निवृत्त झालेला मास्तर. दुसरा प्रताप, डाळींचा व्यापारी. देहही धंद्याला शोभेल असा, भरल्या पोत्यासारखा. आणि तिसरा विलास उमरीकर, वकील. विलासला लहानपणी पोलिओ झाला, एक पाय गेला, तेव्हापासून हातात काठी आहे. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवत त्यानं पन्नाशी ओलांडली. त्याच्याकडे बघून मी आजवर पुष्कळदा थक्क झालोय, पण गेल्या दोन वर्षांत त्यानं कहरच केला.

*

एका रविवारी विलासनं फोन आमच्यापुढे धरला. फोटोत एक लाल गाडी होती. रोडस्टर म्हणतात त्या प्रकाराला. सीट दोनच, टप उघडणारा, आणि उंची अशी की शेजारी म्हैस उभी केली तर गाडी दिसायची नाही.

"कुणाची आहे?" प्रतापनं विचारलं.

"आज दुसऱ्याची. पुढच्या महिन्यात माझी."

मला चहाचा ठसका लागला. "अरे, ही गिअरची आहे! तीन पेडलं कोण दाबणार?"

"मी."

"मग ऑटोमॅटिक घे ना बाबा! आरामात बसशील."

"आरामात बसायला घरी सोफा आहे," विलास म्हणाला. मग फोन खिशात टाकत म्हणाला, "आयुष्यभर लोकांनी मला गाडीत बसवलंय आणि गाडीतून उतरवलंय. लग्नाला गेलो की पहिली खुर्ची मला. स्कूटर दिसली की लोक बाजूला होऊन रस्ता देतात. मला दिलेला रस्ता नकोय रे. मला एकदा ड्रायव्हर व्हायचंय. बस्स."

खलीलभाई गप्प बसले नाहीत. ते कधीच बसत नाहीत. छाती ठोकून म्हणाले, "वकीलसाब, गाडी लाके मेरे सामने खड़ी कर दो. पाँव का काम तुमारे हाथ में नई दिया तो खलील नाम बदल देतूँ!"

विलासच्या बायकोला, उषावहिनींना, सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी भीत भीत सगळं सांगितलं. वहिनी ऐकून म्हणाल्या, "दोनच सीट? मग घेऊ देत बाई. तुम्हा मित्रांना घेऊन तरी फिरणार नाहीत!"

*

गाडी बघायला गेलो ते एका टेकडीवरच्या बंगल्यात. मालक तरुण मुलगा, परदेशी निघालेला, वागायला फार गोड. विलासला बघताच तो आतून खुर्ची घेऊन आला, पोर्चमध्ये सावलीत ठेवली, लिंबाचं सरबत दिलं, आणि किल्ली प्रतापच्या हातात ठेवली!

प्रताप घाबरला. पण नाही कसं म्हणणार? तो बसायला गेला. अर्धा आत गेला आणि अडकला. ना धड आत, ना धड बाहेर. मालक एका हाताला आणि मी दुसऱ्या हाताला धरून ओढतोय, असा प्रकार सुरू झाला.

या गडबडीत आमचं विलासकडे लक्षच नव्हतं. वळून बघतो तर खुर्ची रिकामी, सरबत तसंच, काठी भिंतीला टेकवलेली. मालकाचा चेहरा पांढरा पडला. "अंकल पडले की काय!"

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला. "गंज कुठे नाही. सायलेन्सर मात्र मूळचा नाही, बाहेरचा बसवलाय. मागच्या बाजूनं एकदा ठोकलीय, पण काम नीट केलंय."

फरशीवर पाठ टेकून, कोपरांच्या जोरावर सरकत तो गाडीखाली शिरला होता. इतक्या बुटक्या गाडीखाली! त्याचे खांदे आणि दंड म्हणजे काय चीज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पांढरा शर्ट काळा करून तो तसाच सरकत बाहेर आला आणि मालकाला म्हणाला, "आता बोलू या का? आणि किल्ली इकडे दे."

*

आता ऐका आमच्या अकलेचा किस्सा.

गाडी खलीलभाईंकडे आली. त्यांची योजना मोठी सुंदर होती. जो पाय चालत नाही त्याचं काम हाताकडे द्यायचं. पण कामाला हात घालताना त्यांना प्रश्न पडला, पाय कोणता? आता तीस वर्षांची ओळख, पण खलीलभाई पडले तहजीबवाले. "तुमचा खराब पाय कुठला हो?" असं तोंडावर कसं विचारायचं? म्हणून त्यांनी मला फोन केला.

मी ठणकावून सांगितलं, "उजवा."

खात्रीसाठी त्यांनी प्रतापला विचारलं. प्रताप म्हणाला, "उजवाच. काठी उजव्या हातात असते ना!"

झालं! खलीलभाईंनी उजव्या पायाची सगळी कामं हातावर आणली. स्टीअरिंगपाशी अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा, त्याच्याजवळ ब्रेकचा दांडा, दोन्ही चकचकीत. क्लच जिथल्या तिथे, डाव्या पायाखाली. रविवारी गाडीवरची चादर ओढून ते म्हणाले, "देखो वकीलसाब, कारीगरी!"

विलास बघत राहिला. एकदा दांड्याकडे, एकदा आमच्याकडे.

"खलीलभाई, माझा उजवा पाय घोड्यासारखा आहे. गेलाय तो डावा."

प्रताप हळूच म्हणाला, "पण मग काठी..."

"काठी उलट्या बाजूच्याच हातात धरतात रे, गाढवा!"

चाळीस वर्षांहून जुनी मैत्री. एका बाकावर बसलो, एकमेकांच्या लग्नात जेवलो, आणि त्याचा पाय कोणता हे आम्हाला माहीत नाही! त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या पायांकडे कधी बघायचंच नाही, एवढे सभ्य आम्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विलासला मात्र हसू आवरेना. भिंतीच्या सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

खलीलभाईंनी दांडे काढायला घेतले. बडबड चालूच होती, "मेरी गलती नई है, मास्टर बोले सो किया!"

*

दुसऱ्या खेपेला जमलं. गिअरच्या दांड्यावरच, मुठीच्या खाली, एक लिव्हर बसवली. बोटांनी ती दाबली की क्लच दबणार, आणि त्याच हातानं गिअर पडणार. म्हणजे डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं, दोन्ही कामं एकट्या डाव्या हातानं करायची.

सांगायला सोपं आहे. मी बसून बघितलं एकदा. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली!

सरावाला खलीलभाईंनी स्वतःची परीक्षा ठेवली होती. शेजारच्या सीटवर माणूस बसवायचा आणि त्याच्या हातात बशी द्यायची, काठोकाठ इराणी चहानं भरलेली. चहा सांडला की नापास. शेजारी बसायला अर्थातच प्रताप. आता त्याला आत जायची युक्ती साधली होती. आधी बूड, मग डोकं, मग देवाचं नाव.

पहिल्या रविवारी सगळा चहा प्रतापच्या सदऱ्यावर. दुसऱ्या रविवारी पँटवर. तिसऱ्या रविवारी तो घरून टॉवेल घेऊन आला! विलासचा क्रम एकच. गॅरेजमागच्या मैदानाला फेरी मारायची, यायचं, बशी भरून घ्यायची, परत जायचं. त्याच्या तळहाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. लोकांसमोर नापास होत राहायला किती दम लागतो, हे मी मास्तर असूनही त्याच्याकडून शिकलो.

आणि मग एका रविवारी गाडी परत आली तेव्हा प्रताप हललाच नाही. तसाच बसून राहिला, बशीकडे बघत. चहावर साय धरली होती, आणि ती मोडली नव्हती.

खलीलभाईंचं तोंड पहिल्यांदा बंद झालेलं आम्ही पाहिलं. त्यांनी ती बशी दोन्ही हातांनी घेतली आणि गार झालेला चहा स्वतः प्यायले.

*

हिमायतनगरला विलासच्या घरासमोर पूजा झाली. वहिनींचा आग्रह होता. आमचे पुजारी तेलुगू, त्यांच्या पद्धतीनं चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला, दृष्ट काढायला कोहळा ओवाळला. इथवर ठीक होतं. मग तो कोहळा त्यांनी गाडीच्या बरोबर पुढे फोडला आणि म्हणाले, "आता गाडी यावरून न्या बाबू."

फुटलेल्या कोहळ्याचा अर्धा तुकडा गाडीच्या पोटापेक्षा उंच!

सगळी बिल्डिंग गोळा झालेली. "सांभाळून हं वकीलसाहेब!" "आम्ही ढकलू का?" "आधी तुम्ही उतरा, आम्ही गाडी उचलून पुढे ठेवतो!" विलासनं ओठ घट्ट मिटले. लिव्हर दाबली, रिव्हर्स टाकला, गाडी दोन हात मागे घेतली, आणि कोहळ्याचे तुकडे बरोबर दोन चाकांच्या मधे न घेता, एक चाक नेमकं त्यांच्यावर घालून चिरडत पुढे नेली. लिंबंही चारही फुटली.

पुजाऱ्यांनी हात जोडले. गाडीला की विलासला, ते कळलं नाही.

*

गाडीत असे फेरफार केले म्हणजे सरकारी मोहोर हवी, आणि लायसन्सची नवी टेस्टही. सोबत मी गेलो. टेस्ट घेणारे साहेब सगळे प्रश्न मलाच विचारत होते.

"इनको क्या तकलीफ है?"

"इनको ऐसी गाड़ी कैकू होना?"

विलास शांतपणे म्हणाला, "साब, ये तो मेरे पॅसेंजर हैं. गाड़ी मैं चलातूँ. मुझसे पूछो."

साहेबांनी त्याला ट्रॅकवर सोडलं. इंग्रजी आठाच्या आकाराचा ट्रॅक, पुढे चढ. चढावर थांबून परत निघायचं, गाडी मागे येता कामा नये. चांगले दोन पायवाले तिथे घामाघूम होतात. विलास थांबला, आणि पाण्यावरून होडी निघावी तशी गाडी निघाली. मग तोच आठ त्यानं रिव्हर्समध्ये काढला! ते कुणी सांगितलंही नव्हतं.

साहेब खुर्चीतून उठले. टाळ्या वाजवायला लागले. रांगेतले लोक वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी, मीही वाजवायला लागलो.

विलास पास झाला. आणि येताना रस्ताभर फुगून बसला!

"अरे, काय झालं काय तुला?"

"माझ्या आधी तो चष्मेवाला पोरगा पास झाला. त्याला वाजवल्यास टाळ्या?"

लायसन्स हातात आलं होतं, पण त्याला जे हवं होतं ते अजून आलं नव्हतं, एवढं समजलं.

*

आणि हा परवाचा.

सकाळची वेळ, टप उघडा, मी शेजारी. चिक्कडपल्लीहून आम्ही हिमायतनगरकडे निघालो होतो. पुढे सिग्नल पिवळा झाला. मला वाटलं विलास थांबणार. त्यानं लिव्हर दाबली, गिअर टाकला, आणि सिग्नल लाल झालेला असताना आम्ही पलीकडे!

शिट्टी वाजली. एक तरुण ट्रॅफिक पोलीस धावत रस्त्याच्या मधे आला.

"ए हीरो! साइड कू ले! अंधा है क्या? उतर नीचे!"

त्यानं फोन काढला, गाडीचे फोटो खटाखट काढले. मी बोलायला तोंड उघडलं, तर विलासनं माझं मनगट धरलं. काय पकड होती! त्याच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिलो. निकाल बाजूनं लागल्यावरही तो चेहरा मी इतका खूश बघितला नव्हता.

पोलीस दरडावत गाडीवर वाकला. सीटमागची काठी त्याला दिसली. मग गिअरवरची लिव्हर दिसली. मग विलासचा पाय. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"अय्यो! सॉरी सार. मालूम नहीं था सार. आप जाओ. फोटो डिलीट कर देतूँ."

"डिलीट नक्को!" विलास ओरडला.

"सार?"

"सिग्नल तोड़ा क्या मैं?"

"तोड़े सार. लेकिन आप तो..."

"मैं तो क्या?"

मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न वाजायला लागले, एक रिक्षावाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

"वकील हूँ. जुर्म कबूल है," विलास म्हणाला. "चालान भेजो. और स्पीड का भी लिखो."

"सार, स्पीड गन नहीं है मेरे पास!"

"तो अंदाज़े से लिखो!"