हा निबंध आपला आहे का?

माझं आडनाव असं, की लक्ष्मी रोडवर कुणी हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघेल. आमच्या संस्थेच्या ग्रंथालयातल्या जुन्या शोधयंत्रणेला मात्र माणसामाणसातला फरक कळायचा नाही. आडनाव आणि आद्याक्षर टाकलं की त्या नावाचे सगळे शोधनिबंध ती एकत्र दाखवायची, आणि तळाशी एक आकडा: जगात इतरांनी त्यांची किती वेळा दखल घेतली. माझ्या नावाखाली तो आकडा शंभरावर होता. मी भातपिकावरच्या तुडतुडे या किडीवर काम करते. तुडतुड्यांमध्ये जगाला एवढा रस नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण वरची यादी वाचायचं मी टाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाबांना मात्र तो आकडा सांगितला. त्यांची सगळी नोकरी स्वारगेटला एसटीच्या गाड्यांची घोषणा करण्यात गेली. निवृत्तीनंतर माइक सुटला, म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा फळा त्यांनी ताब्यात घेतला होता. दुसऱ्याच दिवशी जिन्यापाशी रंगीत खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘आपल्या सोसायटीच्या कन्येच्या संशोधनाची जगात शंभरावर वेळा दखल. हार्दिक अभिनंदन!’ मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी ते पुसलं नाही.

मग ग्रंथालयानं यंत्रणा बदलली. नवी घरूनही उघडायची, फक्त आधी प्रत्येकानं आपापले निबंध ओळखून द्यायचे होते. मी जेवताना सहज बोलून गेले आणि फसले.

“घरून दिसतं? मग दाखव की मला,” बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी ते चष्मा पुसून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर पहिला निबंध आला. खाली प्रश्न होता, हा निबंध आपला आहे का, आणि त्याखाली हो आणि नाही. बाबांनी इंग्रजी शीर्षक सावकाश लावून वाचलं. पुलांच्या लोखंडाला चढणाऱ्या गंजाबद्दल होतं ते.

“अगं, तुडतुडे लोखंड कधीपासून खायला लागले?”

मी हसले. ते हसले नाहीत. माझं बोट क्षणभर ‘हो’वर थांबलं होतं, हेही इथे सांगायला हवं. मग मी ‘नाही’ दाबलं. पुढचा निबंध गंजाचा, त्यापुढचा रंगाच्या लेपांचा, मग पुन्हा गंजाचा. मी ‘नाही’ दाबत गेले आणि खालचा आकडा उतरत गेला. शेवटी तो नऊवर थांबला. त्यातही काही ठिकाणी मीच माझी दखल घेतलेली होती.

“तुला माहीत होतं?”

“शंका होती, बाबा. बघायला हवं होतं.”

चाळिशी उलटलेली मी, प्रगतिपुस्तक लपवणाऱ्या पोरीसारखी मान खाली घालून बसले होते. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

“आमच्याकडे चुकीचा फलाट सांगितला गेला की लोक सामान घेऊन भलतीकडे पळायचे,” ते म्हणाले. “मग त्याच माइकवर, तेवढ्याच मोठ्यानं परत सांगावं लागायचं.”

“मी पुसून येते फळा.”

“नुसतं पुसून काय होतंय?”

खडू घेऊन ते खाली गेले. सोबत जायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळी भाजीच्या निमित्तानं उतरले, तेव्हा फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात होतं: ‘संशोधनाच्या दखलीचा आधी दिलेला आकडा चुकीचा होता. बरोबर आकडा नऊ. चूक लिहिणाऱ्याची आहे.’ खाली त्यांची सही.

मी ते दुसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही वाचलं आणि हळहळून म्हणाल्या, “वय झालं गं आता बाबांचं. आकड्यांचा घोळ व्हायचाच. सांभाळून घ्या हो त्यांना.”

सकाळभर ‘नाही’ दाबून आलेली मी, म्हणाले, “हो ना, काकू.”