लटकत्या चाकाचं माप

नागपूरच्या एका दुकानदाराने मला फसवलं. आखूड एअरबॅगवर लांब बॅगचं स्टिकर डकवून त्याने ती मला विकली. ती फाटली, तेव्हा दोष मात्र बोरी अरबच्या थावरू मिस्त्रींच्या माथी मारला. मिस्त्री आता या जगात नाहीत, म्हणून हे मला लिहावं लागतंय.

मिस्त्रींचं शेड रस्त्याच्या कडेला होतं. ट्रक, ट्रॉल्या, शाळेची बस, सगळ्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ते बसवायचे. मी राहतो ढाणकीला, माझं गोदामही तिथेच. पण माल नेणारे ड्रायव्हर पाट्यांच्या कामाला त्यांच्याशिवाय कुणाचं नाव घेत नसत, म्हणून मीही एवढ्या लांब गेलो. गाडी थांबली, तर माझ्या रामरामाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते सरळ मागे गेले, दोन्ही तळवे गाडीच्या पाठीवर टेकवले, अंगाचा भार टाकून दाबलं आणि कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "रामराम. पहिले तिचं आयकून घेतो, मंग मालकाचं. मालक कमीच सांगते."

त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव माल न्यायचा. मिस्त्री त्याला लदेणी म्हणत. "बैल खाली बसला तं आजा त्याले मारत नव्हता, शेठ. गोणी सोडून पायचा. आपून गाडीले मारून राह्यलो."

माझी गाडी म्हणजे चारही चाकं ओढणारी पिकअप. पोती उचलण्यापासून सुरुवात करून मी गोदाम उभं केलं, त्या भानगडीत बायकोला, शोभाला, कुठे नेलं नाही. म्हणून पिकअपच्या मागे केबिन बांधून घेतली. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. ढाणकीत लोक तिला फिरतं घर म्हणायला लागले. पण घर चढवल्यावर गाडीचं बूड खाली बसलं आणि तोंड वर झालं. त्यावर उपाय मागच्या एअरबॅगचा. धडक झाल्यावर फुगते ती ही नव्हे. ही जाड रबराची हवेची पिशवी, गाडीचा सांगाडा म्हणजे चेसिस आणि चाकांचा आस म्हणजे एक्सल, यांच्या मध्ये बसते आणि पाट्यांना हात देते.

मिस्त्रींनी आधी सगळं सामान उतरवायला लावलं. शोभाच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा एकेक करून हातात तोलल्या. मग टाकीवर बोटाने वाजवलं. "पानी कुठं गेलं?"

पाणी मी येताना सोडून दिलं होतं. सांगायला लाज वाटते, पण वजनकाट्याकडे जाताना हलकं होऊन जायचं, ही माझी धंद्यातली जुनी खोड.

"शेठ, काट्याले फसवता येते, पाट्याले नाई," ते म्हणाले आणि समोरच्या पंपावरून टाकी काठोकाठ भरायला लावली. शोभा बरण्या परत ठेवत म्हणाली, "मिस्त्री, याईले काई सांगू नका. हे भाव करता करता मलेबी हलकी करून टाकतीन."

मग त्यांनी गाडी चेसिसखाली जॅक लावून उचलली. चाक अधांतरी लटकलं. चेसिसपासून एक्सलपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

"शेतात, नाल्यात गाडी तिरपी झाली की चाक असं लटकते. तवा पिशवी तानते. तुमची गाडी रोडचीच असती तं म्या मोजलंबी नसतं. पन चारी चाकाची गाडी घेऊन तुमी रोडवर थोडीच राहान? ही सुतळी दुकानदाराच्या टेबलावर ठेवा. यापेक्षा आखूड पिशवी फुकट देली तरी आनू नका."

मी सुतळी खिशात घालून नागपूरला गेलो. दुकानात दोन प्रकार होते: सडकेच्या गाड्यांसाठी आखूड बॅग, रानात जाणाऱ्या गाड्यांसाठी लांब. लांबच महाग होती. मी भाव पाडायला बसलो. दोन चहा झाले, दोनदा उठून दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "चलो सेठ, आपके लिए," आणि आतल्या खोलीतून खोका घेऊन आला. माणूस असा एकदम कबूल होतो तेव्हा पोत्यात काहीतरी असतं, हे मला कळायला हवं होतं. मीही कित्येकांना असाच एकदम कबूल झालो आहे. पण भाव पडल्याच्या आनंदात मी खोका उघडला नाही, खिशातली सुतळीही बाहेर काढली नाही.

ती बोरी अरबला परतल्यावर मिस्त्रींनी मागून घेतली. बॅग ओढून धरली, सुतळी लावली. चार बोटं कमी. स्टिकरवर माप बरोबर होतं, बॅगवर नव्हतं. त्यांनी माझ्याच फोनवरून दुकानदाराला लावलं.

"साहेब, ही पिशवी लटकत्या चाकाले पुरत नाई."

"डिब्बे पे क्या लिखा है, पढना आता है?"

"वाचता येते साहेब. मोजताबी येते."

त्याने फोन ठेवला. मिस्त्री म्हणाले, वापस करा, आठ दिवस थांबा. आमचं दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलेलं होतं, आधी कळंबचा गणपती आणि मग पुढे. शिवाय एवढा पाडलेला भाव पुन्हा मिळाला नसता. माझं डोकं फिरलं. "तू पाट्यावाला हायेस," मी ओरडलो, "कंपनीले शिकोतं का? बसव मुकाट्यानं."

वयाने ते माझ्याहून मोठे. मी तू म्हणालो, ते तुमीवरच राहिले. "बसोतो. पन तुमी रोडवरच चालवान. दुसरी आनेपावेतो नाल्यात नेऊ नका."

मी मान हलवली. घाईत असलो की मी कशालाही मान हलवतो.

बसवताना त्यांनी एक गोष्ट आपल्या मनाने केली. हवा भरायची तोंडं कंपनीच्या कागदात मागे नंबरप्लेटजवळ दाखवली होती. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या लांबवून तोंडं ड्रायव्हरच्या सीटमागे आणली. मी विचारलं, कायले? तर म्हणाले, "मागं उतराची सोय सगळ्या जागी नसते."

कळंब बरं झालं. परत आल्यावर माझ्या शेतातले सालदार गडी म्हणाले, शेठ, घर आमाले नाई दाखवलं. मी नाल्याच्या वाटेने गाडी घातली. शोभा शेजारी बसली होती. कोरड्या नाल्याच्या काठावर वाट तिरपी होते. डावं मागचं चाक खड्ड्यावर लटकलं, कापड फाटावं तसा आवाज आला आणि चाक टेकताच गाडी डावीकडे कलंडून थांबली. त्याच बाजूला काठ होता आणि खाली दगड. उजवी बॅग फुगलेलीच असल्याने केबिन, पाणी, पलंग सगळं डावीकडे लोटलं जात होतं. मी ब्रेक दाबून बसलो. हँडब्रेक ओढला तरी पाय काढायची हिंमत होईना. दार उघडलं तर शोभा थेट काठावर.

फोन तिनेच लावला. मिस्त्रींनी आधी विचारलं, "कोन्या बाजूनं झुकली?" मग, "टाकीत पानी हाय का?" मग म्हणाले, "भिया, पाय तिथंच ठेवा. ताई, तुमी हलू नका, फक्त हात मागं न्या. सीटमागं दोन तोंडं हायत. उजवं धरा. पिन हाय ना केसात? मधातली सुई दाबा. हळू."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा भिया म्हटलं. भिया म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत भाऊ.

शोभाने केसातली पिन काढली. सुई दोनदा चुकली. मग फुस्स करून हवा निघायला लागली आणि गाडीची उजवी बाजू इंच इंच खाली आली. कलंडलेली गाडी पाट्यांवर सरळ बसली. "आता चारी चाकं लावा, बारका गेअर टाका, आल्या वाटेनं मागं घ्या. वळवू नका." मी मागे घेतली. सपाट जमिनीवर आल्यावर शोभा खाली उतरून मातीत बसली.

गाडी हळूहळू हाकत बोरी अरबला नेली. मिस्त्रींनी फाटलेली बॅग काढून रॉकेलच्या चिंधीने पुसली. स्टिकरची कड उठली, त्याच्याखाली दुसरं निघालं. त्यावर आखूड माप, आणि फक्त सडकेसाठी असं छापलेलं. "भिया, हे पाहा," एवढंच म्हणाले. मी सांगितलं होतं, असं म्हणाले नाहीत. मी तेवढ्याची वाट पाहत होतो, म्हणजे मला भांडता आलं असतं.

मी तक्रार केली, तेव्हा दुकानदाराने माणूस पाठवला. त्याने फोटो काढले, स्टिकरचा सोडून. तोंडं कंपनीने सांगितलेल्या जागी नाहीत, जोडणी चुकीची, म्हणून बॅग फाटली, असा कागद दुकानदाराने बनवला. वर मला म्हणाला, "सेठ, इसपे साइन करो, लंबी वाली जोडी फ्री ले जाओ." मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो. किती वेळ, ते शोभालाही सांगितलेलं नाही. सही केली नाही. पण त्याने कागदाचा फोटो आमच्या जिल्ह्यातल्या गाडीवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर टाकून दिला. मी स्टिकरचा फोटो टाकला, तर पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.

शाळेने बस दुसरीकडे नेली. मग ट्रकवालेही कमी झाले. मी शेडवर गेलो तेव्हा मिस्त्री रिकाम्या जागेत हत्यारं पुसत बसले होते. म्हणाले, "सही करून टाकाची होती. तुमाले पिशव्या भेटल्या असत्या."

"अन् तुमचं नाव?"

"ते तं गेलंच हाय. तुमी ओरडले म्हून म्या बसोली, तेवढीच माही चूक. वापस करा म्हनून अडून बसाले पायजे होतं." मग म्हणाले, "लेकरांची बस हाय ती. नवा मिस्त्री दाबून पायते का नाई, इचारजा."

मी विचारलं. दाबून पाहत नाही.

या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन मिस्त्री गेले. मी त्यांच्या तांड्यावर घरच्यांना भेटायला गेलो. दारात दोन ड्रायव्हर बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "ज्यानं बॅग चुकीची बसोली, थोच हा?" मिस्त्रींची बायको तिथेच बसली होती. तिने ऐकलं.

चूक माझीही आहे. मी खोका उघडला नाही, नको तिथे गाडी नेली, बापाच्या वयाच्या माणसाला तू म्हणालो. ते मी इथे माझ्या नावावर लिहून दिलं आहे. आता दुकानदार, तुम्ही लिहा. वरचं स्टिकर कोणी लावलं, ते लिहा. तोंडं कंपनीने सांगितलेल्या जागी असती तरी ती आखूड बॅग लटकत्या चाकावर किती टिकली असती, ते लिहा. आणि ज्या ग्रुपवर त्या माणसाचे हात बदनाम केले, त्याच ग्रुपवर टाका. पैसे मी मागत नाही, नव्या बॅगही नकोत. थावरू राठोड मिस्त्रीच्या जोडणीत काय चुकलं होतं, एवढं त्यांच्या बायकोला सांगा.