शिंदेबाईंचे पाठकोरे कागद

आमच्या ऑफिसात प्रिंटरच्या ट्रेमध्ये रोज संध्याकाळी बेवारशी कागदांचा गठ्ठा पडलेला असायचा. आवक-जावक सांभाळणाऱ्या शिंदेबाई त्यातले पाठकोरे कागद निवडायच्या, मधोमध कापायच्या आणि दाभणाने शिवून त्यांची पॅडं करायच्या. आम्ही त्यांच्या काटकसरीचं तोंडभर कौतुक करायचो. प्रिंट काढणं मात्र कोणीच कमी केलं नाही.

मग नवा नियम आला. प्रिंट दिली तरी मशीनपाशी जाऊन आपला नंबर दाबायचा, तेव्हाच कागद बाहेर येणार. पहिल्याच दिवशी मला उठायचा कंटाळा आला आणि प्रिंटला दिलेलं पत्र मी स्क्रीनवरच वाचलं. काही अडलं नाही! तेव्हापासून माझी खात्री झालीय, की निम्म्या गोष्टी आपण गरज म्हणून घेतच नाही, हात पोचतो म्हणून घेतो. चार पावलं चालायची वेळ आली, की काय हवं ते बरोबर कळतं.

काल सवयीने मी शिंदेबाईंकडे पॅड मागितलं. त्यांनी रिकामा ड्रॉवर ओढून दाखवला.

"पॅडं संपली, सर. दाभणसुद्धा घरी नेला मी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खूश मी पहिल्यांदाच पाहिलं.