अकरावा परिच्छेद

तानुबाईंना बापाचं वावर नको होतं, हे कोर्टात कुणालाच पटलं नाही. मलाही नाही. मी सुकदेव, त्यांच्या वकिलांचा कारकून. वीस वर्षं वाटणीचे दावे बघून माणसांवरचा विश्वास उडालेला.

मुलगा योगेंद्र मागे लागला म्हणून त्यांनी भावावर, भाईदासवर, चाळीसगावला दावा लावला. भाईदासच्या कैफियतीत उत्तर आलं: तानुबाई ही मयत गिरधर यांची मुलगीच नाही. त्या दिवसापासून बाई वावराचं नाव काढीना.

पुढे भाईदासनं तडजोड देऊ केली. अर्धं वावर घ्या, दावा मिटवा. योगेंद्र हरखला. तानुबाईंनी मला विचारलं, "त्या कागदमा मी बापनी पोर शे, आसं लिखेल राही का?"

नाही म्हटलं. तडजोडीत ठरलेलं तेवढंच लिहितात. निकालपत्रात मात्र न्यायाधीशाला दावा काय, बचाव काय हे मांडून वादाचे मुद्दे काढावे लागतात, प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागतं आणि ते का, तेही. नुसतं 'होय' लिहून सुटका नाही.

"मंग माले निकालच पाहिजे."

डोकं फिरलंय बाईचं, मी मनात म्हटलं.

उलटतपासणीत आमच्या वकिलांनी भाईदासला विचारलं, "अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, हिला माहेरी न्यायला कोण जायचं?"

"मीच ना! बहीणले लेवाले भाऊ नही जाई तर कोन जाई?" तो बोलून गेला, आणि मग त्याची मान खाली गेली.

निकाल लागला. पहिला मुद्दा, वादी ही गिरधर यांची मुलगी आहे काय? होय. कारण अकराव्या परिच्छेदात होतं: भाईदासचंच ते वाक्य. तानुबाईंनी पदरानं डोळे पुसले. "बोलना ना मना भाऊ! आते अखाजीले येईच तो."

अखाजीच्या दिवशी मी निकालाची नक्कल घेऊन धुळ्याकडच्या त्यांच्या गावी गेलो. समोरच्या निंबाला पोरींचा झोका चालला होता. तानुबाई नवं लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसल्या होत्या. सकाळपासून, योगेंद्र हळूच म्हणाला.

उन्हं कलली.

"सुकदेवभाऊ, अकरावा वाचा."

मी वाचला. त्या रस्त्याकडे बघत ऐकत होत्या. माझाच आवाज मला नकोसा झाला. संपल्यावर त्यांनी पिशवी उचलून आत नेली.

"जजसायबनी समदं लिखं," त्या आतून म्हणाल्या. "भाऊ नही उना."

मग ताट वाढून आणलं. "भाईदाससाठे पुरनना मांडा करेल शेतस. तुम्हीच बसा आते."

मी बसलो.