अक्कासारखा सुळा

माझा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. अक्काचाही तसाच, त्याच बाजूचा. बाकी आम्हा बहिणींत सारखं काही नव्हतं. ती उंच, उजळ. मी सावळी, ठेंगणी. पण हसलो की आमच्या मोहोळ गावात कुणीही ओळखायचं, या एकाच घरच्या म्हणून.

अक्काला सोलापूरला दिलं होतं, भुसार मालाच्या दुकानदाराच्या घरात. कावीळ होऊन ती गेली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. पोर परक्या बाईच्या हाती कशाला द्यायची, असं दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं आणि वर्ष सरायच्या आत अक्काच्या नवऱ्याशी माझं लग्न लावून दिलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. ती पोर माझ्या गळ्यात हात टाकून झोपायची.

लग्नाआधी मी त्यांना दाजी म्हणत असे. लग्नानंतर काहीच म्हणता येईना. तेही कामापुरतं बोलत. घरात अक्काचा फोटो नव्हता, तिचं नाव निघत नव्हतं. तिच्या साड्या मात्र कपाटात होत्या आणि त्या मीच नेसत होते. पोरीला सगळे सांगायचे, ‘आई म्हण.’ ती मान हलवायची आणि पुन्हा मावशीच म्हणायची.

एकदा जेवताना ती काहीतरी बोबडं बोलली आणि मी मोठ्यानं हसले. त्यांनी ताटावरून झटकन मान वर केली. त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी त्या घरात आल्यापासून पाहिला नव्हता. मग त्यांना मी दिसले. चेहरा विझला आणि ते उगीचच हातानं पाण्याचा तांब्या चाचपू लागले.

त्यानंतर मी हसताना तोंडाला पदर लावायला लागले. आरशापुढे वेणी घालताना ओठ मिटून घ्यायची. ओठ उघडले की अक्का दिसायची, आणि मला वाटायचं, ती विचारतेय, माझ्या घरात तू काय करतेस?

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी तो सुळा ठणकायला लागला. लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला तेव्हा मोहोळहून आई आली. तिनं माझं तोंड उघडून पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“उपटून टाक बाई त्यो,” ती म्हणाली.

“डॉक्टरांना दाखवू की आधी.”

“दाखव. पर काढूनच यी.” मग चुलीकडे तोंड करून हळूच म्हणाली, “तू हसलीस की मला ती दिसती गं. मला न्हाय बघवत.”

नव्या पेठेत एका जिन्यावर दातांचे डॉक्टर होते. आई पोरीला घेऊन निघाली, मी निघाले, आणि दुकान नोकरावर सोडून हेही आमच्याबरोबर आले. मला नवल वाटलं. मी तापात पडले होते तेव्हाही ते दुकान सोडून घरी थांबले नव्हते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दातावर बारीक टिचकी मारली आणि मी खुर्चीतून उठलेच. “दोन वाटा आहेत,” ते म्हणाले. “काढून टाकला तर एका दिवसात मोकळ्या व्हाल. ठेवायचा तर रूट कॅनॉल करावं लागेल. म्हणजे आतली नस काढायची, पोकळी साफ करून भरून टाकायची. चार-पाच वेळा यावं लागेल. दात राहील, पण त्यात जीव नसेल. पुढंमागं जरा काळा पडेल.”

“काढा,” आई म्हणाली.

“नको,” हे म्हणाले. “ठेवा.”

ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की पोर दचकून माझ्या आईला बिलगली. डॉक्टरांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. “दुखतंय कुणाला?” त्यांनी विचारलं. “गोळ्या देतो. सूज उतरू द्या. मग या बाईंनीच काय ते ठरवून सांगावं.”

परतताना आई पोरीचं बोट धरून पुढे चालली होती. तळ्याकडून वारा येत होता. मी गाल पदरानं झाकून यांना विचारलं, “तुम्हाला तो दात कशाला हवाय?”

“खोटं सांगू?”

“नको.”

“मग विचारू नकोस.”

ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. जीव गेलेला दात तोंडात उभा राहणार, काळवंडत जाणार, आणि त्याच्याकडे बघून तो माणूस दुसऱ्याच कुणाला तरी शोधत राहणार. सूज उतरताच मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, “काढा.” हे दाराशी उभे होते.

हिरडी बधिर होती, तरी कवटीच्या आत काहीतरी कडकडत तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. डॉक्टरांनी दात कागदात गुंडाळला आणि मला दाखवायला आणला. यांनीच हात पुढे केला आणि ती पुडी घेऊन खिशात टाकली. पुढं तिचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

घरी येऊन मी कापसाचा बोळा दातांत दाबून पडले. आई पोरीला देवळात घेऊन गेली. हे दुकानात गेले नाहीत. खोलीच्या उंबऱ्याशी टेकून बसले, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“दवाखान्यात ती शेवटची शुद्धीवर आली ना, तेव्हा मला म्हणाली, ‘पोरीसाठी धाकटीला माझ्या जागी आणतील. तुम्ही आणू देऊ नका. तिला शिकायचंय.’ मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.”

बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

“मग सगळे बोलायला बसले. मी नको म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही. तू हसायचीस तेव्हा आधी वाटायचं, ती आली. आणि लगेच वाटायचं, आता विचारणार.”

माझ्या तोंडात रक्त साचलं होतं. बोळा पडेल म्हणून ओरडता येईना, धड रडताही येईना. एवढे दिवस मी तिला घाबरून ओठ मिटत होते. ती मात्र जाताना माझ्यासाठी भांडून गेली होती. मला त्यांचा इतका राग आला की मी भिंतीकडे वळले. ते तिथंच बसून राहिले.

दिवेलागणीला मी आरशापुढं उभी राहिले आणि तोंड उघडलं. तिथं काळंलाल भोक होतं. अक्का नव्हती. आता भीती उरली नव्हती, तर बघायला तीच नव्हती.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी विचारलं, “कॉलेजात नाव घालायचं का?” तोवर मला दिवस गेले होते. विषय तिथंच राहिला.

पण त्या दिवसापासून घरात अक्काचं नाव निघायला लागलं. पोर मोठी होत गेली तशी ती आईबद्दल विचारायची आणि हे सांगायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा ते सांगत होते, गड्ड्याच्या जत्रेत तुझ्या आईची चप्पल गर्दीत हरवली, तर ती अनवाणी, हसत हसत घरापर्यंत आली.

ती चप्पल माझी होती. अक्का तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. पोर डोळे मोठे करून ऐकत होती. मी भाकरी उलटली.