खासदारांना विचारलेला एक प्रश्न

मैत्रिणींनो, हे तुम्हाला लगेच सांगायलाच हवं.

आज दुपारी इंदिरानगरात खासदारांच्या पक्षाचं हळदीकुंकू होतं. साहेब स्वतः आले होते. मी उठून विचारलं, "संसदेत आपल्या कांद्याबद्दल तुम्ही एकदाही का बोलला नाहीत?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकताना प्रश्न विचारला की सिस्टर कौतुक करायच्या. इथे साहेबांनी उत्तर न देता वाण वाटायला सांगितलं आणि शेजारच्या बायका माझ्यापासून सरकून बसल्या.

वाण घेताना एक कार्यकर्ता जवळ आला. "काकू, कुठल्या पक्षाच्या तुम्ही?"

"कुठल्याच नाही रे. मत तुमच्याच साहेबांना दिलं होतं."

त्यानं वाणासाठी आमची नावं-पत्ते लिहिलेली वही उघडली. "दुसरा मजला. घरी तुम्ही आणि काकाच ना?" अगदी गोड हसत विचारलं.

दाराला कडी लावून लिहितेय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी प्रश्न विचारताना तुमच्यापैकी कोणी माझ्या शेजारी उभं राहील का?